रोजची गॅसची गोळी आणि घराचे वेळापत्रक

वस्तीतल्या कोणत्याही घरातला औषधांचा डबा उघडून पाहा. तापाची गोळी असते, अंगदुखीची असते आणि बहुतेक वेळा त्यांच्या शेजारी गॅसची गोळीही असते. छातीत जळजळले की एक घ्यायची, करपट ढेकर आले की एक घ्यायची. अशी वर्षे निघून जातात. गोळी संपली की नवी पाकिटे येतात, पण रोज जळजळ का होते हा प्रश्न घरात कोणी विचारत नाही.

या गोळ्या वाईट नाहीत. योग्य माणसाने योग्य मुदतीसाठी घेतल्या तर त्या चांगले काम करतात. पण रोज गोळी लागते याचा अर्थ रोज काहीतरी बिघडते आहे. ते नेमके काय आणि कुठे, हे समजून घेऊ.

पोटात काय होते?

आपण म्हणतो, 'मला पित्त झाले.' डॉक्टरांच्या भाषेत पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. छातीत जळजळ करते ते बहुतेक वेळा जठरातले आम्ल. अन्न पचवण्यासाठी आणि अन्नातले जंतू मारण्यासाठी जठर हे आम्ल स्वतःच तयार करते. ते तीव्र असते, पण जठराच्या आतल्या बाजूला चिकट थर असल्यामुळे जठराला त्याचा त्रास होत नाही.

तोंडापासून जठरापर्यंत अन्न नेणारी अन्ननलिका मोठ्या माणसात साधारण 25 सेंटिमीटर लांब असते. तिला असा जाड थर नसतो. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक कडी असते. तिला आपण झडप म्हणू. घास खाली उतरताना ती उघडते आणि लगेच मिटते. ही झडप सैल पडली किंवा पोटावर खालून दाब आला की आम्ल वर चढते आणि अन्ननलिकेला भाजते. म्हणजे अनेकांच्या पोटात आम्ल जास्त झालेले नसते, ते फक्त चुकीच्या जागी गेलेले असते.

वर्षातून चार-दोनदा असे झाले तर काळजी नाही. पण आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा होत असेल आणि काही आठवडे चालू असेल, तर तो उपचार करण्याजोगा आजार आहे. काहींना जळजळ फारशी जाणवत नाही. त्याऐवजी तोंडात आंबट पाणी येते, रात्री कोरडा खोकला येतो, सकाळी आवाज बसलेला असतो किंवा घशात काही अडकल्यासारखे वाटते.

एका दिवसाचा हिशोब

धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या ताईचा दिवस पाहा. पहाटे नळाला पाणी येते म्हणून ती पाचला उठते. दात घासायला मिश्री, मग उपाशीपोटी चहा. घाईत दोन घास पोटात गेले तर गेले. चार घरी वाकून फरशी पुसणे, भांडी घासणे. दुपारचे जेवण तीनला. तेव्हा भूक इतकी लागलेली असते की ती भराभर आणि पोट गच्च होईपर्यंत खाते. मध्ये दोनदा चहा. कंबर दुखते म्हणून दुखण्याची गोळी. रात्री सगळ्यांची ताटे झाल्यावर, साडेदहाला, उरलेले जेवण. भांडी आवरून अकराला ती आडवी होते आणि मध्यरात्री छातीत आग पडून उठते.

यातली एकेक गोष्ट तपासा. तंबाखूतल्या निकोटिनने झडप सैल पडते आणि मिश्रीतही तंबाखूच असते. जेवल्यावर लगेच वाकून काम केले की पोटावर दाब येतो. परकराची नाडी करकचून बांधली असेल तर तो दाब आणखी वाढतो. पोट गच्च भरले की झडपेवर ताण येतो. उभे असताना आम्ल आपल्या वजनाने खाली राहते, पण जेवून लगेच आडवे झालो की त्याला वर येण्याची वाट सपाट होते. झोपेत लाळ कमी गिळली जाते, त्यामुळे वर आलेले आम्ल धुतले जात नाही आणि तिथेच भाजत राहते.

या ताईच्या शरीराची फारशी चूक नाही. तिच्या दिवसाची घडीच आम्ल वर चढवणारी आहे. त्यातली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे घरातल्या बाईने शेवटी जेवायचे ही सवय. ती बदलणे तिच्या एकटीच्या हातात नाही. ते सगळ्या घराने बदलायचे आहे.

घराने काय बदलायचे?

रात्रीचे जेवण आणि झोप यांत निदान दोन ते तीन तासांचे अंतर ठेवा. त्यासाठी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. अकराला झोपायचे असेल तर साडेआठपर्यंत जेवणे उरकावीत. भांडी मुलांनी आणि घरातल्या पुरुषांनी घासली तर तिलाही त्या वेळेत जेवता येते. पाळीवरून उशिरा येणाऱ्याने रात्री हलके खावे आणि मुख्य जेवण कामाच्या मध्ये घ्यावे.

एकदम भरपेट खाण्यापेक्षा थोडे थोडे, तीन-चार वेळा खा. कामावर जाताना अर्धी भाकरी, केळे किंवा मूठभर चणे-फुटाणे सोबत ठेवा. चहा हवा असेल तर काहीतरी खाऊन घ्या.

काय खाऊ नये याची सगळ्यांसाठी एकच यादी नसते. तळलेले आणि तर्रीदार पदार्थ जठरात जास्त वेळ राहतात, म्हणून ते अनेकांना त्रास देतात. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला आंबट, कुणाला कडक चहा. दारू आणि फसफसणारी शीतपेये टाळलेलीच बरी. आपल्याला काय बाधते ते स्वतः शोधा आणि तेवढेच कमी करा.

कॉट असेल तर डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू 6 ते 8 इंच उंच करा. जमिनीवर झोपत असाल तर गोधड्यांच्या घड्या कंबरेपासून डोक्यापर्यंत उतार होईल अशा लावा. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते, पोट दुमडते आणि फायदा होत नाही. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठर खाली आणि झडप वर राहते, त्यामुळे आम्ल वर येणे कमी होते.

पोट सुटलेले असेल तर थोडे वजन कमी केल्यानेही फरक पडतो. पण जी बाई आधीच सडपातळ आहे, रक्त कमी आहे, तिने जळजळीच्या भीतीने जेवण तोडू नये.

मिश्री, गुटखा, तंबाखू, विडी सोडण्यासाठी 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन करा. हा फोन मोफत आहे.

वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका दुपारी बारानंतर जेवत नाहीत. लवकर जेवणे जळजळीसाठी वाईट नाही. मात्र बारा वाजायच्या आत घाईने पोट गच्च भरू नका आणि संध्याकाळभर कडक चहावर राहू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळी घ्यायची तर कशी?

खाण्याच्या सोड्याने आणि फसफसणाऱ्या पावडरीने ढेकर येतो आणि काही वेळ बरे वाटते. पण त्यात सोडियम भरपूर असते. रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने ते घेऊ नये. थंड दुधानेही थोडा वेळच आराम मिळतो. नंतर जठर पुन्हा आम्ल तयार करते.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या आम्ल तयार होणेच कमी करतात. त्या सकाळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. जेवणानंतर घेतल्या तर त्यांचा परिणाम कमी होतो. डॉक्टर सहसा 4 ते 8 आठवड्यांचा कोर्स देतात आणि पुन्हा तपासतात. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर काही दिवस जळजळ उसळून येते. म्हणून ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. काही रुग्णांना ती दीर्घकाळ लागतेच. हे वाचून कोणी स्वतःहून बंद करू नये. जनऔषधी केंद्रात याच औषधांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

रॅनिटिडिन हे पूर्वी घरोघरी असलेले औषध 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळले गेले. डब्यात अजून ती गोळी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठराचे संरक्षण कमी होते. त्यातून जखम म्हणजे अल्सर होऊ शकतो. मग सकाळी दुखण्याची गोळी आणि तिने पोट बिघडते म्हणून गॅसची गोळी, असे चक्र सुरू होते. कंबर का दुखते त्यावर उपचार घ्या. कोणतीही गोळी आडवे पडून किंवा पाण्याशिवाय गिळू नका. बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या.

तिखटानेच अल्सर होतो हाही गैरसमज आहे. बहुतेक अल्सरमागे अशा दुखण्याच्या गोळ्या तरी असतात किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना 2005 मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. त्याची तपासणी होते आणि प्रतिजैविकांच्या पूर्ण कोर्सने तो बरा होतो.

इथे थांबायचे नाही

पुढीलपैकी काहीही दिसले तर मेडिकलमधून गोळी आणू नका, दवाखान्यात जा.

• घास गिळताना अडकतो किंवा दुखते.
• रक्ताची किंवा काळपट, चहाच्या चोथ्यासारखी उलटी होते.
• शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण चिकट आणि उग्र वासाची असेल तर लगेच जा.
• प्रयत्न न करता वजन उतरते, भूक जाते, रक्त कमी होते.
• उलट्या थांबत नाहीत.
• पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला आहे.

अशा वेळी डॉक्टर दुर्बिणीची तपासणी म्हणजे एंडोस्कोपी सांगू शकतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ती होते. तिला घाबरून वेळ घालवू नका. वर्षानुवर्षे भाजलेल्या अन्ननलिकेत आतला थर बदलू शकतो आणि काही जणांत पुढे कर्करोगही होऊ शकतो.

गरोदरपणात जळजळ होतेच, असे म्हणून सगळे सोडून देऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर बरगडीखाली जोराचे दुखत असेल, सोबत डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा चेहरा सुजला असेल, तर तो वाढलेल्या रक्तदाबाचा धोक्याचा इशारा असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. हृदयविकाराचा झटका अनेकदा 'गॅस' समजला जातो. छातीवर दडपण, दुखणे हात, मान किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, धाप, मळमळ, यांतले काही असेल तर सोड्याचे पाणी देत बसू नका. बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. 108 ला फोन करा. ईसीजी काढल्यावर गॅसच निघाला तर कुणाचे काही बिघडत नाही.

या आठवड्यात एवढे करा

मुलाच्या वहीतले एक पान घ्या. सात दिवस रोज लिहा: काय आणि किती वाजता खाल्ले, किती वाजता झोपलात, कधी जळजळले, कोणती गोळी घेतली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सांगा. हे पान आणि डब्यातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात न्या. 'गॅस होतो' एवढ्याच सांगण्यावर डॉक्टर गोळी लिहून देतात. असे पान समोर ठेवले तर त्यांना कारण शोधता येते. आणि ते पान आधी घरात सगळ्यांना वाचून दाखवा. आई किती वाजता जेवते, हे अनेक घरांत तेव्हा पहिल्यांदा कळेल.