चिंचोक्यांची बालवाडी



मागच्या अंकानंतर दोन-तीन मंडळ्यांकडून विचारणा आली, की पाड्यांवरच्या लहान मुलांसाठी इंग्रजी अक्षरांचे तक्ते आणि प्लॅस्टिकची खेळणी पाठवू का? देण्याची ही इच्छा मनापासूनची आहे, त्याबद्दल प्रभूचे आभार. पण माझे उत्तर "नको" असे आहे. ते का, हे नीट सांगावे म्हणून हा लेख. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घरातल्याच वस्तूंनी कसे शिकवता येते हेही त्यात येईल, आणि त्यातले बरेचसे तुमच्या नातवंडांनाही चालेल.

आधी परिस्थिती सांगते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातील पुष्कळ वारली आणि कातकरी कुटुंबे भाताची झोडणी झाली, दिवाळी सरली, की वाडा, भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरे, सगळे एका टेम्पोत जाते. अंगणवाडी मात्र पाड्यावरच राहते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचे वर्षातले सहा-सात महिने अंगणवाडीशिवाय जातात. पुढे ते सहा वर्षांचे होऊन जूनमध्ये पहिलीत बसते. गुरुजींची मराठी पुस्तकातली, मुलाच्या घरची बोली वारली नाहीतर कातकरी. हातात पेन्सिल पहिल्यांदाच आलेली. मूल गप्प बसते. मग कोणीतरी म्हणते, "मंद आहे." दोन-तीन वर्षांत ते शाळेत येईनासे होते. हेच मूल रानात पंधरा-वीस झाडे नावानिशी ओळखते, हे वर्गात कोणाला कळतच नाही.

अंगणवाडी भट्टीवर नेता आली तर उत्तमच, आणि त्यासाठी अर्ज-विनंत्या चालू आहेत. पण तोवर जे शिक्षण कुटुंबाबरोबर टेम्पोत बसून जाऊ शकते, ते आईकडचे. आणि अडचण नेमकी इथे येते, कारण आईला वाटते की आपल्याला काहीच येत नाही.

एका भट्टीवर एका आईशी बोलत होते. म्हणाली, "ताई, मी काय शिकवणार? मी अंगठेवाली. मला मोजता पण येत नाय." समोर तिनेच थापलेल्या कच्च्या विटा वाळत घातलेल्या होत्या. मी विचारले, आज किती झाल्या? तिने ओळींवरून नजर फिरवली, ओठ हलवले आणि आकडा सांगितला. मजुरी हजार विटांवर मिळते. त्यामुळे हिशेब चुकला तर पोट मारले जाते, म्हणून तो चुकत नाही. मी म्हटले, हे जे आत्ता केलेस ना, तेच पोराला दाखव, पण दहा विटांपर्यंतच. ती हसली. माझी थट्टा करताय असे तिला वाटले असावे. पण दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा तिचा मुलगा ओळीच्या कडेने चालत एकेका विटेला बोट लावून मोजत होता. सहानंतर एकदम आठ, पण बोट प्रत्येक विटेला लागत होते. त्या वयात हीच गोष्ट महत्त्वाची असते. एक ते शंभर पोपटासारखे म्हणणारी मुले शहरात खूप आहेत. "मला पाच वाट्या आणून दे" म्हटल्यावर बरोबर पाच आणणारी त्या मानाने कमी.

ही कल्पना नवी नाही, आणि ती आपलीही नाही. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते काम डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्या पुढे दोन अडचणी होत्या. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती आणि मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने केली. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द या कामातूनच रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आम्ही पाड्यांवर करतो ते या बायांच्या मागून चालणे आहे. त्यांनी अंगणापर्यंत नेलेली बालवाडी आम्ही चुलीपर्यंत न्यायचा प्रयत्न करतो.

आता प्रत्यक्ष खेळ.

चिंचोक्यांपासून सुरुवात करतो, कारण ते प्रत्येक घरात असतात आणि फुकट असतात. पहिल्या आठवड्यात मोजायचे नाहीच. चिंचोके, वालाचे दाणे आणि गुळगुळीत खडे एकत्र करून सुपात ठेवायचे आणि मुलाला म्हणायचे, सारखे सारख्यात घाल. तीन पळसाचे द्रोण पुढे ठेवले की झाले. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटते. पण कोणती गोष्ट कशासारखी आणि कशात वेगळी, हे ओळखणे अंकाच्याही आणि अक्षराच्याही आधी यावे लागते. ज्याला वाल आणि चिंचोका वेगळा करता येतो, त्यालाच पुढे "प" आणि "ष" वेगळा दिसतो.

मग पाच चिंचोके घ्यायचे आणि दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करायची. हे काम आजोबांकडे द्यावे, त्यांना आवडते. सोंगट्यांच्या खेळात अशा फोडी टाकायची पद्धत जुनीच आहे. मुलाने पाचही मुठीत घोळवून जमिनीवर टाकायचे. किती पांढरे पडले? दोन. काळे किती? तीन. पुन्हा टाक. चार आणि एक. पुन्हा टाक. पाचही काळे, पांढरा एकही नाही! पंधरा मिनिटांत पाचाचे सगळे तुकडे मुलाच्या डोळ्यांपुढून जातात. बेरीज हा शब्दही उच्चारलेला नसतो, पण बेरीज झालेली असते. पाच पक्के झाले की सात, मग दहा. मला स्वतःला सगळ्या खेळांत हा सर्वांत आवडतो, आणि भट्टीवर दिवसभर राबलेल्या आईलाही तो बसल्या जागी घेता येतो.

बोटांसाठी वेगळे काही आणावे लागत नाही. पेन्सिल ज्या तीन बोटांत धरतात त्याच तीन बोटांनी लसूण सोलतात आणि वाल सोलतात. नागलीच्या पिठाचा लहानसा गोळा मुलाला थापायला द्या. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. आईने त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दिले, की मूल ते सुतळीत ओवून माळ करते. सुतळीचे टोक मेणात बुडवून कडक केले तर ओवणे सोपे जाते. भट्टीवर चिकणमातीला तोटा नाही. मुले बैल करतात, चूल करतात, हल्ली ट्रॅक्टरही करतात. मातीचा साप वळायचा, मग त्याहून लांब, मग त्याहून आखूड. "कोणता लांब?" एवढेच विचारायचे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन "अ" गिरवून घेण्याची शहरात जी घाई असते, ती मला पटत नाही. बोटांचे स्नायू तयार नसताना गिरवलेले अक्षर मुलाला फक्त कंटाळा शिकवते.

चित्रासाठी वारली घरात काय सांगायचे! तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करायचा. गोल, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणूस झाला. डोक्याचा गोल आणि हातपायांच्या रेघा जोडल्या की तो नाचायला लागला. गंजाडचे जिव्या सोमा मशे याच रेघांसाठी जगभर ओळखले गेले आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नातला चौक हा त्यांच्या समाजाचा विधी आहे आणि तो लिहिण्याचा मान तिथल्या सवाशिणींचा. तो आम्ही मुलांच्या खेळात आणत नाही. आपण फक्त आकार घेतो. आणि सुरुवात कुंचल्यानेही नाही, धुळीत बोटाने करायची.

या सगळ्यापेक्षा मोठे साधन म्हणजे बोलणे. आईने मुलाशी बोलायचे ते तिच्या स्वतःच्या बोलीत. "ताई, शाळेत ही भाषा चालत नाय, मग मी त्याच्याशी शुद्ध बोलू का?" असे आया विचारतात. मी ठामपणे नाही म्हणते. आईला जी भाषा पुरती येत नाही तिच्यात ती चारच शब्द बोलेल. आपल्या बोलीत ती गोष्ट सांगेल, कोडे घालेल, रागवेल, समजावेल. ज्या मुलाकडे एका भाषेत भरपूर शब्द आहेत, त्याला दुसरी भाषा शिकायला जड जात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे. रात्री गोष्ट सांगताना मध्येच थांबून "मग काय झालं असेल?" एवढे विचारले तरी मूल विचार करू लागते. तक्ते नकोत म्हणते ते यासाठी. सफरचंद आणि झेब्रा दाखवणाऱ्या तक्त्यासमोर ही आई गप्प होते, सुपासमोर ती बोलू लागते.

काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतात. गुंजा दिसायला सुंदर, लाल आणि काळ्या, आणि मुले त्या गोळा करतात. पण गुंज विषारी आहे. एखादी चावून पोटात गेली तरी जिवावर बेतू शकते. एरंड आणि धोतऱ्याच्या बियाही तशाच. या तिन्ही खेळात कधीच नकोत. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ चिंचोके, दाणे ठेवू नयेत, कारण ते नाकात, कानात, घशात जातात. फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणे धुऊनसुद्धा वापरायची नाहीत. आणि भट्टीवर खेळाची जागा पेटलेल्या भट्टीपासून आणि गाड्यांच्या वाटेपासून दूर, आईच्या नजरेच्या टप्प्यात हवी.

आणखी एक धोका आहे, त्याबद्दल फार बोलले जात नाही. आईला वेळ नसतो, तेव्हा हे खेळ घ्यायला आठ-नऊ वर्षांची ताई बसते. ती फार छान शिकवते, आईपेक्षाही धीराने. पण मग "हीच बघेल धाकट्याला" म्हणून तिची शाळा सुटते. म्हणून खेळ घ्यायची वेळ आम्ही आई-बापांबरोबर आधीच ठरवतो, ती शाळा सुटल्यानंतरची किंवा रात्रीच्या जेवणाआधीची. बापालाही त्यात घेतो. ताडाच्या पानाची भिंगरी करून बाभळीच्या काट्याने काडीवर बसवणे हे बहुतेक बापांना येतेच. फक्त ते शिक्षण आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

काही वाचक विचारतील की यात सुवार्तेचे काय? जी घरे विश्वासात आहेत ती आपल्या मुलांना येशूच्या गोष्टी सांगतातच. इतर घरी आम्ही चिंचोक्यांबरोबर पत्रक देत नाही. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना कधी शिकवावे हे सांगितले आहे, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. तिथे शाळेचा उल्लेख नाही, तक्त्यांचाही नाही. शिक्षण आईबापांच्या रोजच्या दिवसात घातलेले आहे. मुलांना माझ्याकडे येऊ द्या असे प्रभूने म्हटले, तेव्हा त्याने आधी त्यांची परीक्षा घेतली नाही. आमच्यासाठी एवढे पुरेसे आहे.

आता तुमच्याकडून काय हवे ते सांगते. प्रत्येक कुटुंबाबरोबर भट्टीवर जाईल अशी एक कापडी थैली, जाड कापडाची, तोंडाला नाडी असलेली, साधारण दोन वीत लांब. मंडळ्यांतील महिला मंडळांनी जुन्या पडद्यांच्या, चादरींच्या थैल्या शिवल्या तर फार मदत होईल. त्यात एक पाटी, खडूचे चार तुकडे, दोन हात सुतळी, पाण्याच्या बाटल्यांची धुतलेली दहा झाकणे आणि चिंध्यांचा एक चेंडू घालावा. शब्बाथशाळेतील मुले चेंडू करू शकतील. चिंचोके आम्ही इथेच घालू. नाडी पक्की शिवा, सैल दोरी ठेवू नका, लहान मुले ती गळ्यात अडकवतात. थैल्या दिवाळीच्या निदान पंधरा दिवस आधी आपल्या पाळकांकडे द्याव्यात, कारण टेम्पो एकदा सुटले की कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले हे शोधण्यातच आमचा महिना जातो.