संगणकास स्वतःचे सूत्र कसे सांगावे

व्याजाचे सूत्र आपण फळ्यावर एकदाच लिहितो आणि त्यात निरनिराळ्या रकमा घालून उदाहरणे सोडवितो. सूत्र तेच राहते, संख्या तेवढ्या बदलतात. अशा नियमास गणितात ‘फल’ म्हणतात. गणन करणाऱ्या संगणक-आज्ञावलीसही असा नियम एकदा सांगून ठेवता येतो.

‘मॅक्सिमा’ ही अशीच एक विनामूल्य आज्ञावली होय. तिचे मूळ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९६८ साली आरंभिलेल्या कार्यात आहे. तीत व्याजाचे फल पुढीलप्रमाणे लिहावे. (टंकन करताना अक्षरे व अंक रोमन घ्यावेत.)

व्याज(म, द, क) := म * द * क / १००;

डावीकडे फलाचे नाव व कंसात मुद्दल, दर आणि काल यांची अक्षरे, उजवीकडे कृती. तारका हे गुणाकाराचे चिन्ह होय. मधल्या चिन्हाकडे विशेष लक्ष द्यावे. नुसता अपूर्णविराम दिल्यास नावास मूल्य मिळते; नुसते बरोबरचे चिन्ह दिल्यास ते समीकरण ठरते; दोन्ही जोडून दिल्यासच फलाची व्याख्या होते. व्याख्येच्या वेळी गणन होत नाही. पुढे व्याज(५००, ५, ३); असे लिहिताच ७५ हे उत्तर येते.

येथे एक धोका आहे. दोन चाचण्यांच्या गुणांची सरासरी काढण्यासाठी एखाद्याने असे लिहिले:

सरासरी(अ, ब) := अ + ब / २;

कंस राहून गेल्यामुळे केवळ दुसऱ्या संख्येचीच निमपट होते. ६ आणि १० यांची सरासरी ८ यावयाची, ती ११ येते. यंत्र तक्रार करीत नाही. आणि नियम एकच असल्याने वर्गातील बहुतेक मुलांचा निकाल चुकतो. शिवाय ० आणि १० घेऊन पडताळा पाहिला, तर उत्तर ५ हे बरोबरच येते! म्हणून शून्यासारख्या सोयीच्या संख्येवर विसंबू नये. योग्य व्याख्या (अ + ब) / २ अशी आहे.

शिक्षकबंधुभगिनींनी फल वापरण्यापूर्वी दोनतीन उदाहरणे हाताने सोडवून उत्तरे ताडून पाहावीत. सरासरी मोठ्या संख्येहून मोठी कशी असेल, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. गणन यंत्र करील. नियम बरोबर आहे की नाही, हे मात्र माणसानेच पाहिले पाहिजे.