डॉक्टरांचा शीण
सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर सकाळी राउंडला आला की अनेकदा दुसऱ्या दुपारपर्यंत वॉर्डातच असतो. इमर्जन्सी, केसपेपर, मध्येच उभ्याउभ्या वडापाव. असं महिनोन्‌महिने चाललं की झोपूनही शीण जात नाही, रुग्ण नुसता बेड नंबर वाटतो, आपल्या हातून काहीच होत नाही असं मन घेतं. हाच बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. त्यामुळे नुसता योगवर्ग पुरत नाही, ड्युटीच बदलावी लागते. सलग ड्युटी एरवी १२ तासांपलीकडे नको, साप्ताहिक सुटी हवी, हे केंद्राच्या १९९२ च्या निर्देशांत आहेच. ते पाळा. आणि डॉक्टरांनो, मन जड झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आणि चोवीस तास आहे.