पोलिओ : रोग हटला, दक्षता हटू नये

रात्री अंगात थोडी कसर असलेले खेळते मूल सकाळी उभे राहू पाहते आणि त्याचा एक पाय लुळा पडल्याचे आईच्या ध्यानात येते. एके काळी अनेक घरांवर असा घाला अवचित पडत असे.

पोलिओ हा विषाणूजन्य रोग आहे. बाधित बालकाच्या विष्ठेतून बाहेर पडणारा विषाणू दूषित पाणी, अन्न वा अस्वच्छ हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडावाटे शरीरात शिरतो आणि घशात व आतड्यांत वाढतो. बहुतेक मुलांत कोणतेही लक्षण दिसत नाही. परंतु अशी मुलेही रोगाचा प्रसार करीत असतात. सुमारे २०० बाधितांपैकी एकास कायमचा पक्षाघात होतो. स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी विषाणू नष्ट करतो. पाय वाळतो, वाढ खुंटते. स्पर्शाची जाणीव मात्र शाबूत असते. श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यास मृत्यूही ओढवतो.

नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून गेलेली शक्ती परत आणणारे औषध नाही. व्यायाम, कॅलिपर व शस्त्रक्रिया यांनी अपंगत्व सुसह्य होते, इतकेच. प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

डॉ. जोनास साल्क यांची टोचून देण्याची लस १९५५ मध्ये वापरात आली. पुढे डॉ. आल्बर्ट सेबिन यांनी तोंडावाटे देण्याची लस सिद्ध केली. भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. ठरलेल्या दिवशी सर्व लहान बालकांना एकदमच डोस द्यावयाचा, म्हणजे विषाणूला आश्रयच उरत नाही, हे तिचे मर्म. नैसर्गिक विषाणूचा देशातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला.

तथापि पाकिस्तान व अफगाणिस्तानात हा विषाणू अद्याप टिकून आहे आणि विषाणूला सीमेची तमा नसते. म्हणून जन्मतः, ६, १०, १४ आठवड्यांनी व दीड वर्षाच्या सुमारास तोंडावाटे, तसेच ६ व १४ आठवडे आणि ९ महिने पूर्ण होताच टोचून, असे सर्व डोस बालकास मिळालेच पाहिजेत. आधी डोस घेतला असला तरी मोहिमेतील डोस टाळू नये. शौचालयाचा वापर, शुद्ध पाणी व हातांची स्वच्छता यांचीही जोड हवी.

लुळ्या पायांची मुले आज गावात दिसत नाहीत, हे लसीचेच यश आहे. 'रोगच नाही, मग लस कशाला?' असे म्हणणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे.