मांजराची जखम आणि घरातला औषधांचा डबा

मांजराच्या अंगावर जे लावाल, ते थोड्याच वेळात त्याच्या पोटात गेलेलं असतं. मांजराच्या जखमेवर घरी उपचार करताना एवढं एक लक्षात ठेवलं, तरी निम्म्या चुका टळतात. अंगाला काही लागलं की ते चाटून साफ करायचं, हा त्याचा स्वभाव. मलम, तेल, लेप, पावडर, काहीही लावा; त्याच्या दृष्टीने ती घाण असते.

दुसरी गोष्ट त्याच्या यकृताची. माणसाचं यकृत ज्या प्रक्रियेने अनेक औषधं आणि रसायनं निकामी करून शरीराबाहेर टाकतं, त्यातली एक महत्त्वाची प्रक्रिया मांजरात जन्मतःच दुबळी असते. म्हणून आपल्याला सहज पचणारी गोष्ट त्याच्यासाठी विष ठरू शकते. घरी उपचार करण्यात काही गैर नाही. खरचटण्यासाठी दर वेळी दवाखान्याचा खर्च सगळ्यांना परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. घात होतो तो मांजराला लहान आकाराचा माणूस समजल्यामुळे.

घरी सांभाळता येईल अशी जखम कोणती? वरवरचं खरचटणं, नखाचा ओरखडा, रुपयाच्या नाण्याहून लहान, रक्त थांबलेलं, आणि मांजर नेहमीसारखं जेवतंय, चालतंय. इतकंच. याहून जास्त काही असेल तर ते काम पशुवैद्यांचं.

गैरसमज : हळद भरली की काम झालं.

वस्तुस्थिती : हळदीवर आपली श्रद्धा आहे आणि ती निराधार नाही, तिच्यातल्या द्रव्याचा जंतुरोधक गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. डब्यात रोज ओला चमचा जातो, आणि विकतच्या पुडीत काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही. जखमेवर तिचा थर वाळून कडक होतो आणि त्याखाली पू साठत राहतो. त्यातही मोठा तोटा असा की पिवळ्या रंगाखाली जखम दिसेनाशी होते. लाली वाढतेय का, कडा काळ्या पडतायत का, हे रोज पाहणं हाच घरच्या उपचाराचा कणा आहे आणि हळद नेमकं तेच झाकते. चिमूटभर हळद पोटात गेल्याने मांजर दगावणार नाही, पण जखमेचंही भलं होणार नाही. खोबरेल तेलात हळद कालवून लावली, तर त्या चिकट तेलावर धूळ आणि केस येऊन बसतात, ते वेगळंच.

गैरसमज : झोंबतंय म्हणजे औषध लागू पडतंय.

वस्तुस्थिती : झोंबणं म्हणजे जिवंत पेशींना इजा होतेय. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्याने भरून येणारी त्वचाही जाळतात. पेरॉक्साइडचा पांढरा फेस पाहून समाधान वाटतं, पण जखम भरायला उशीर होतो. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल हे फिनॉलच्या कुळातलं रसायन आहे, आणि या कुळाशी मांजराच्या यकृताचं जमत नाही. फिनेलबद्दल तर बोलायलाच नको. सेट्रिमाइड असलेली जंतुनाशकं चाटली गेली तर जीभ आणि तोंड सोलवटतं. मग मांजर खाणं सोडतं आणि छोट्या जखमेपायी मोठं आजारपण ओढवतं.

जखम धुण्यासाठी सगळ्यात चांगलं द्रव्य हेच सगळ्यात स्वस्तही आहे : मिठाचं पाणी. मेडिकलमध्ये सलाइनची बाटली मिळते. तीही आणायची नसेल तर अर्धा लिटर पाणी चांगलं उकळून, झाकून गार करा आणि त्यात एक लहान चमचा सपाट भरून, किंवा त्याहून किंचित कमी, मीठ विरघळवा. हे साधारण शरीरातल्या द्रवांइतकं खारट होतं, म्हणून झोंबत नाही. रोज ताजं करा.

आता कृती. मांजराला जुन्या टॉवेलमध्ये घट्ट नव्हे पण नीट गुंडाळा आणि फक्त जखमेचा भाग बाहेर ठेवा. घरात दुसरं कोणी असेल तर एकाने धरावं, एकाने धुवावं. सुई काढलेल्या दहा किंवा वीस मिलीच्या सिरिंजने कोमट सलाइनची धार जखमेवर सोडा. माती, केस, वाळलेलं रक्त वाहून जाईपर्यंत धुवा. खपली ओरबाडू नका, भिजू द्या. पुसायला कापूस नको, कारण त्याचे तंतू जखमेत अडकतात. गॉजचा तुकडा घ्या. भोवतालचे केस कापायचेच असतील तर कात्री नको, ट्रिमर वापरा. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, कात्रीत सहज सापडते.

जंतुनाशक हवंच असेल, तर पोविडोन आयोडीनचं द्रावण, म्हणजे बहुतेक घरांत ‘बिटाडीन’ नावाने ओळखलं जाणारं, एका भागाला दहा भाग पाणी घालून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं करा. गॉजने टिपा, दोन मिनिटं थांबा आणि सलाइनने पुन्हा धुऊन कोरडं करा. दिवसातून दोनदा पुरे.

गैरसमज : दुखत असेल तर क्रोसिनचा छोटा तुकडा द्यावा.

वस्तुस्थिती : या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हे राहू द्या. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते मांजरासाठी विष आहे. चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे १२५ मिलिग्रॅम. किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या थोड्या मात्रेनेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ‘छोटा तुकडा’ही सुरक्षित नाही. या औषधाने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. यावर उतारा आहे, पण तो काही तासांतच मिळावा लागतो. चुकून दिलं गेलं असेल तर लाजून लपवू नका. लगेच दवाखाना गाठा आणि कोणती गोळी, किती, कधी दिली ते स्पष्ट सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनाही हात लावायचा नाही. मांजरांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या वेगळ्या असतात आणि त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

माणसांच्या मलमांचंही असंच. घरात पडलेल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं, ते जखम भरू देत नाही. बधिर करणाऱ्या मलमांतलं बेन्झोकेनसुद्धा मांजराच्या रक्तावर घातक परिणाम करतं.

गैरसमज : मांजर चाटूनच जखम बरी करतं.

वस्तुस्थिती : लाळेत थोडे जंतुरोधक घटक असतात, हे खरं. पण त्याच तोंडात असंख्य जंतूही असतात, आणि जिभेवरचे बारीक काटे नवी कातडी खरवडून काढतात. सतत चाटल्याने लहान जखम पसरते. गळ्याभोवती कॉलर हा उपाय आहे आणि तो विकतच आणायला हवा असं नाही. घरातल्या जुन्या एक्स-रे फिल्मचा शंकू करा, आतल्या कडेला मऊ कापडाची किनार लावा, दोन बोटं सरकतील इतका सैल बांधा. जेवताना काढा, लक्ष ठेवा, पुन्हा घाला. जखम पाठीवर किंवा पोटावर असेल तर जुन्या टी-शर्टच्या बाहीला पायांसाठी भोकं पाडून अंगरखाही होतो. लहान जखमेला पट्टी मात्र बहुधा नकोच. घट्ट पट्टीने रक्त अडतं, पंजा सुजतो. ओली पट्टी जखम कुजवते.

गैरसमज : भोक एवढंसं आहे, म्हणजे जखम एवढीशीच.

वस्तुस्थिती : मांजराचा सुळा सुईसारखा असतो. तो खोल रुततो, आत पाश्चुरेलासारखे जंतू सोडतो आणि बाहेर आला की कातडी त्या भोकावर मिटून जाते. वरून काही दिसत नाही. दोन ते पाच दिवसांत आत गळू तयार होतं. आमच्या बोक्याच्या गालावरचा असा दातांचा ठसा मला तिसऱ्या दिवशी कळला, तोही त्याने दूध नाकारलं तेव्हा. केसांखाली लिंबाएवढी गरम गाठ होती. मी आधीच्या दोन दिवसांत त्याला कुरवाळलं होतं, पण तपासलं नव्हतं. ती रुखरुख अजून आहे.

भांडणातल्या जखमा बहुधा गालावर, पुढच्या पायांवर आणि शेपटीच्या मुळाशी असतात. गाठ दाबून पू काढायचा प्रयत्न करू नका. अशा जखमेला योग्य प्रतिजैविक लागतं, आणि ते पहिल्याच दिवशी सुरू झालं तर पुढची चिरफाड बहुतेकदा टळते. इथे थांबणं म्हणजे बचत नव्हे, खर्च वाढवणं आहे.

गैरसमज : अळ्या पडल्या तर डांबरगोळी, कापूर किंवा टर्पेंटाइन.

वस्तुस्थिती : हा उपाय गावोगावी चालतो आणि मांजराच्या जिवावर उठतो. डांबरगोळीतलं नॅप्थॅलीन, कापूर आणि टर्पेंटाइन ही तिन्ही मांजराला विषारी आहेत, आणि उघड्या जखमेतून ती थेट शरीरात शिरतात. माशीची अंडी उष्ण हवेत एका दिवसात फुटतात, म्हणून पावसाळ्यात जखमी मांजराला घरात, माश्यांपासून दूर ठेवणं हाच खरा उपाय. अळी दिसली की सरळ दवाखाना.

गैरसमज : मांजराला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला हवं.

वस्तुस्थिती : मांजराला धनुर्वात फार क्वचित होतो, त्यामुळे त्या इंजेक्शनची धावपळ नको. काळजी करायची ती रेबीजची. कुत्र्याने किंवा अनोळखी प्राण्याने चावा घेतला असेल, तर जखम कितीही लहान असो, हातमोजे घालूनच धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उपचार करताना मांजराचा दात किंवा नख तुम्हाला लागलं तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते.

गैरसमज : दवाखाना म्हणजे हजारोंचं बिल.

वस्तुस्थिती : पर्याय आहेत, ते आधीच शोधून ठेवा. तालुक्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशींसोबत मांजरंही तपासतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून हेच काम करत आहे.

दहा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबलं नाही, जखमेतून दुर्गंधी किंवा पू आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, जखम डोळ्याजवळ, सांध्यावर किंवा छातीवर असेल, किंवा मांजराने दिवसभर काही खाल्लं नाही, तर थांबू नका. उपाशी मांजराचं यकृत काही दिवसांतच बिघडू लागतं.

सलाइन, गॉज, सिरिंज, आयोडीनची छोटी बाटली आणि जुना टॉवेल : डबा एवढाच हवा. त्याहून मोलाची गोष्ट फुकट आहे. संध्याकाळी मांजर मांडीवर आलं की बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवा. गाल, मान, पाय आणि शेपटीचं मूळ. कुठे खपली हाताला लागते, कुठे ते अंग चोरतं, कुठे गरम लागतं, ते पाहा. दुखणं लपवणं हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून ते शोधण्याचं काम आपल्याला रोज करावं लागतं.