छायाचित्रकाराचा बेवड

वाचकहो, बेवड म्हणजे काय हे आपल्या परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच रानात दरसाल कापूसच घेत गेले की जमीन थकते. मधे मूग, उडीद किंवा हरभरा घेतला की पुढचे पीक जोमाने येते. या कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. म्हणजे रान पडीक न टाकताही, केवळ पीक बदलल्याने जमिनीला विसावा मिळतो.

आज बोलायचे आहे ते मात्र शेतीविषयी नव्हे, फोटो काढणाऱ्या माणसाविषयी. पोटासाठी रात्रंदिवस फोटो काढणाऱ्याची नजर थकते, आणि त्या नजरेलाही बेवड लागतो, एवढेच सांगायचे आहे.

जिंतूर, सेलू, गंगाखेड, कोणत्याही तालुक्याच्या गावचा फोटोवाला घ्या. लग्नसराई लागली की आज या मांडवात, उद्या त्या मांडवात. तेच हार, त्याच अक्षता, तेच व्याही-विहिणी. मधे कुणाला उभे करायचे, चेहरा किती उजळ दाखवायचा, हे सारे गिऱ्हाईक ठरवणार. त्यात गैर काही नाही. पैसे तो देतो. पण अशी पाच-दहा वर्षे गेली की हात सफाईदार होतो आणि डोळा मात्र पाहणे सोडून देतो. समोरची नवरी निराळी असते, पण फोटो मागच्याच नवरीचा निघतो! त्यातच आता घरोघरी फोनमध्ये कॅमेरा आला आहे. नुसता फोटो काढून देणारा माणूस कुणाला लागतोच असे नाही. जे इतरांना दिसत नाही ते ज्याला दिसते, त्याचीच गरज उरते. तेव्हा नजर टिकवणे ही हौसेची बाब राहिली नाही, ती धंद्याची बाब झाली आहे.

ही नजर टिकते कशी? गिऱ्हाइकाच्या कामाशेजारी एक मनाचे काम चालू ठेवल्याने. याचे मोठे उदाहरण आपल्या मराठी मुलखातच आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. चित्रकला शिकल्यावर त्यांनी गुजरातेत गोध्रा येथे फोटोचा धंदा केला. पुढे सरकारी पुराणवस्तू खात्यात ते छायाचित्रकार होते. नंतर छापखाना काढला, तो नावारूपाला आणला. पण भागीदारांशी पटेना म्हणून तेथूनही बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, हाती धंदा नाही. अशा वेळी १९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतले की अशी हलती चित्रे आपल्याकडेही झाली पाहिजेत.

या ध्यासाच्या काळात त्यांनी केलेला एक प्रयोग तुम्हां शेतकऱ्यांना आवडेल. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. मूकपटात एका सेकंदाला साधारण १६ चित्रे डोळ्यांसमोरून जात. त्यामुळे कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर थोडक्यात उलगडली: माती फुटली, कोंब वर आला, वेल झाला. हे काम कुणी सांगितलेले नव्हते, त्याची मजुरी कुणी देणार नव्हते. पण जे चित्रण पुढे दाखवून त्यांना भांडवलदाराचा विश्वास मिळवता आला, ते हेच. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी.

हे स्वस्तात झाले असे मात्र समजू नका. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि सततच्या ताणाने काही काळ फाळक्यांचे डोळेच अधू झाले. सगळ्यांनीच इतके पणाला लावावे असे कोणी म्हणणार नाही. घेण्याजोगी गोष्ट आहे ती कुंडीची. एक लहानसा विषय, ठरलेली जागा, आणि पुन्हा पुन्हा पाहण्याचा नेम.

अलीकडचे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. जन्म १९६६ सालचा, अकोल्याचा. १९८८ पासून ते मुंबईत वर्तमानपत्रांसाठी छायाचित्रे काढू लागले. वर्तमानपत्राचे काम कसे असते? आज सभा, उद्या अपघात, परवा सामना. आणि सकाळी छापलेला फोटो दुसऱ्या दिवशी रद्दीत. या धावपळीत ओलव्यांनी एक विषय धरून ठेवला: मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार. शहर झोपेत असताना कचऱ्यात आणि गटारात उतरणारी ही माणसे, त्यांची घरे, त्यांची लेकरे, त्यांनी कृष्णधवल चित्रांत दाखवली. या चित्रांची देशात आणि देशाबाहेर दखल घेतली गेली. २००५ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’चा पुरस्कार आणि २०१६ साली पद्मश्री त्यांना मिळाली. पुण्याचे संदेश भंडारे यांनी असेच तमाशा फडांबरोबर फिरून तमाशा कलावंतांचे जग छायाचित्रांत आणले आणि पुढे त्याचे पुस्तक झाले.

या उदाहरणांतून काय दिसते? थकलेली नजर नुसती रजा घेऊन ताजी होत नाही. आठ दिवस कॅमेरा खुंटीला टांगला तर पाठ सैल होईल, पण नवव्या दिवशी तोच फोटो निघेल. घाई नसलेले, कुणाच्या पसंतीचे ओझे नसलेले दुसरे काम हाती आले की डोळा पुन्हा विचारू लागतो: उजेड कुठून येतो आहे? हा माणूस असा का उभा आहे? मग हीच सवय घेऊन तो मांडवात परततो, आणि कोपऱ्यात डोळे पुसणारा नवरीचा बाप त्याला दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, हे मुंबई-पुण्याचे झाले. आम्ही काय करावे? आपल्या जिल्ह्यात विषयांना तोटा नाही. रब्बी ज्वारीचे एकच शेत धरा. पेरणीपासून हुरडा, काढणी आणि खळ्यापर्यंत, दर आठवड्याला, त्याच बांधावरून, त्याच वेळी एक फोटो. गंगाखेडचा गोदाकाठ घ्या: श्रावणातला पूर आणि वैशाखातले वाळवंट. चारठाण्याची जुनी देवळे घ्या. सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात तोच दगड निराळा दिसतो. माणसांचे फोटो काढायचे असतील तर आधी त्यांना विचारा, आणि काढलेला फोटो त्यांना नेऊन द्या.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे तुम्हांलाही लागू आहे. तोच धडा विसाव्या वर्षी शिकवताना आवाजही थकतो. शाळेतल्या फोनवर मुलांकडून आवारातल्या लिंबाच्या झाडाचे वर्षभर फोटो काढून घ्या. पानगळ, पालवी, मोहर, लिंबोळ्या, प्रत्येकाची तारीख वहीत लिहू द्या. मुले पाहायला शिकतील, आणि तुमच्या तासालाही नवे काही मिळेल.

एक सूचना शेवटी. फोटो फोनमध्येच पडू देऊ नका. वर्षअखेर त्यांतले बारा निवडा, कागदावर छापून घ्या, मागे गाव, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहा, आणि ते शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. गावकरी त्यांपुढे थांबून काय बोलतात ते ऐका. पुढच्या वर्षीचा विषय बहुधा तिथेच सापडेल.