गॅस पुरेसा, तरी वारा गरम

बडोद्याच्या दांडिया बाजारात कानावर इतकी मराठी पडते की आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होते. मे महिन्यातले ऊन मात्र लगेच आठवण करून देते. पारा चाळिशी ओलांडतो. बेळगावच्या हवेत वाढलेल्या माणसाला तिथे गाडीतला एसी चैन वाटत नाही.

त्यातच आमच्या मावशींच्या गाडीचा एसी बिघडला. डिस्प्लेवर २२ अंश, तोंडावर वारा मात्र भट्टीचा. मावशी सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, तपासणीचा दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. एका गॅरेजने न तपासताच गॅस भरला. दोन दिवसांनी तेच. मग म्हणाले, कॉम्प्रेसर बदला!

दुसरे मिस्त्री दांडिया बाजारातलेच, मराठी. त्यांनी इंजिन व एसी चालू ठेवून बॉनेट उघडले, पंखा-पट्ट्यापासून हात दूर ठेवायला बजावले आणि एसीची जाड नळी मला चाचपायला लावली. थंडगार, वरून घाम सुटलेली. म्हणाले, "ताई, गारवा तयार होतोय. आत पोचत नाही."

डॅशबोर्डच्या आत एक थंड जाळी असते, एक इंजिनच्या गरम पाण्याची. हवा कुठून किती जावी हे एक झडप ठरवते. झडप फिरवते छोटी मोटर, आणि मोटरला हुकूम देतो क्लायमेट कंट्रोल मॉड्यूल. आपल्या घरांत 'बिसिलु' वेगळे आणि 'सेके' वेगळी, तसेच अनेक गाड्यांत काचेजवळचा सेन्सर ऊन मोजतो, डॅशबोर्डमधला आतली उष्णता. दोघांचे ऐकून मॉड्यूल निर्णय घेतो. झडप गरम बाजूला अडकली की गॅस कितीही भरा, उपयोग शून्य.

मिस्त्रींनी आधी फ्यूज, वायरी पाहिल्या. मोटर वेगळी चालवली, ती फिरली. मग स्कॅनर लावला. मॉड्यूलकडून हुकूमच येत नव्हता.

जवळच कलाभवन आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कारागिरीला शास्त्राची जोड मिळावी म्हणून ते काढले. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. आधी नळीला हात आणि मग स्कॅनर, हा क्रम पाहून मला तेच आठवले.

बदलण्याचे काम तासाभराचे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबले, कारण एअरबॅगमध्ये वीज साठलेली राहते. पॅनेल प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटले. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे पडतात. जुन्या भागावरचा क्रमांक नव्याशी अक्षरन् अक्षर जुळवला. दिसायला सारखा, पण क्रमांक वेगळा असलेला मॉड्यूल बरेचदा चालत नाही. भंगारातला स्वस्त घेणाऱ्यांनी हे आधी पाहावे. शेवटी स्कॅनरने झडपा दोन्ही टोकांपर्यंत फिरवून नव्या मॉड्यूलला त्यांची जागा शिकवली. ही पायरी गाळली तर नवा भागही गरम वारा सोडू शकतो.

या कामात गॅसची नळी उघडावी लागत नाही. म्हणून बिलात "गॅस भरणे" दिसले तर कारण विचारा, आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. मावशींनी तो मागितला, पिशवीत घातला आणि तशाच मागच्या सीटवर बसून दवाखान्यात गेल्या.